पत्ता ओळखीचा, साइट परकी: ब्राउझरमधली फसवणूक पुन्हा पुन्हा का येते आणि ती मुळातून कशी काढायची

"बँकेची साइट उघडली, पासवर्ड टाकला, तर चुकीचा म्हणे. तोच परत टाकला, मग घेतला." गिऱ्हाईक हे वाक्य सहज बोलून जातं आणि मी हातातला स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवतो. पासवर्ड चुकलेला नसतो. पहिलं पान खोटं असतं. त्यानं पासवर्ड घेतलेला असतो आणि माणसाला संशय येऊ नये म्हणून खऱ्या साइटवर नेऊन सोडलेलं असतं.

अमळनेरला माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. हा बिघाड इतक्यांदा हाताखालून गेलाय की तपासायचा क्रम आता ठरून गेलाय. आधी फुकटातलं, मग स्वस्तातलं, शेवटी अवघड. क्रम सोडून थेट फॉरमॅट मारला, म्हणजे सगळं पुसून विंडोज नव्यानं टाकलं, की आठ-पंधरा दिवसांत तेच मशीन परत येतं. माझ्या सख्ख्या काकांचं चार वेळा आलं. त्यांचं पुढे सांगतो.

लक्षणं

पासवर्ड दोनदा मागणं हे पहिलं आणि सगळ्यात वाईट.

दुसरं: "गुगलनं साइन इन करा" असं बटण दाबल्यावर एक छोटी खिडकी उघडते, तिच्यावर गुगलचा बरोबर पत्ता दिसतो, पण ती खिडकी ब्राउझरच्या बाहेर ओढता येत नाही.

तिसरं: सगळा पडदा एकाएकी भरून जातो, भोंगा वाजतो, "तुमचा कॉम्प्युटर लॉक केला आहे, या नंबरवर फोन करा" असं येतं. माउस हलतो, पण बंद करायचं बटणच सापडत नाही.

चौथं: रोजच्या साइटवर "तुमचं कनेक्शन खाजगी नाही" असा लाल इशारा यायला लागतो.

पाचवं: साइटचं नाव स्वतः टाइप करूनही पान थोडं वेगळं दिसतं. अक्षरं जाडी, लोगो किंचित अंधुक, आणि कधी न मागितलेली माहिती मागतात, म्हणजे एटीएम कार्डाचा पिन किंवा आईचं माहेरचं नाव.

सहावं लक्षण बहुतेकांच्या लक्षात येत नाही. घरातल्या वायफायवर हे सगळ्यांनाच होतं, पण मोबाइल डेटावर कुणालाच होत नाही. हे दिसलं तर ते लिहून ठेवा, पुढे फार उपयोगी पडतं.

हे होतं कसं

ब्राउझरच्या खिडकीत एक आडवी रेघ असते. रेघेच्या वर पत्त्याची पट्टी आणि बटणं, ती ब्राउझरची मालमत्ता. रेघेच्या खाली सगळं त्या पानाचं. खाली पान काय वाटेल ते काढू शकतं: बँकेचा लोगो, हिरवं कुलूप, एवढंच काय, पत्त्याच्या पट्टीसकट अख्खी दुसरी खिडकीसुद्धा. म्हणून खालच्या कशावरही विश्वास ठेवायचा नाही, फक्त वरच्या पट्टीवर ठेवायचा.

फसवणूक तीन ठिकाणी होते. पान रेघेच्या खाली नकली पट्टी काढतं, हा पहिला प्रकार. ब्राउझरमध्येच दोष राहिलेला असतो आणि खुद्द वरची पट्टी खोटं दाखवते, हा दुसरा. त्यालाच स्पूफिंगची त्रुटी म्हणतात. तिसऱ्या प्रकारात पट्टीवर नाव खरं असतं, पण कॉम्प्युटर किंवा राउटर (घरात वायफाय देणारा डबा) त्या नावाला चुकीच्या ठिकाणी नेऊन जोडतो. तिन्हींची लक्षणं वरवर सारखी, इलाज मात्र वेगळे. एकाचं औषध दुसऱ्याला दिलं की बिघाड परत येतो.

पत्ता उजवीकडून वाचा (खर्च शून्य, वेळ अर्धा मिनिट)

आपण पत्ता डावीकडून वाचतो आणि ओळखीचं नाव दिसलं की थांबतो. फसवणाऱ्याला तेच हवं असतं. पाकिटावरचा पत्ता आठवा: मु. पो. मारवड, ता. अमळनेर, जि. जळगाव. लहानाकडून मोठ्याकडे जातो आणि पत्र कुठे जाणार ते शेवटचा जिल्हा ठरवतो. मु. पो. मारवड लिहून जिल्हा भलताच घातला तर पत्र मारवडला येत नाही.

साइटचा पत्ता अगदी तसाच असतो. सुरुवातीच्या दोन तिरक्या रेघा सोडा, त्यानंतरची पहिली तिरकी रेघ शोधा, तिथून डावीकडे मागे मागे वाचत या. शेवटचे दोन-तीन शब्द खऱ्या मालकाचे. "माझीबँक.को.इन.केवायसी-अपडेट.टॉप" असा पत्ता असेल तर मालक "केवायसी-अपडेट.टॉप" आहे. पुढचं माझीबँक हे नुसतं गावाचं नाव, कुणीही लिहावं.

बँकांच्या बाबतीत हे आता सोपं झालंय. रिझर्व्ह बँकेनं सगळ्या बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत आपल्या साइट "डॉट बँक डॉट इन" या शेवटावर न्यायला सांगितलं, आणि हा शेवट फक्त बँकांनाच मिळतो. नोंदणी हैदराबादची आयडीआरबीटी ही संस्था करते. पण "बँक" या शब्दाच्या आधी टिंब आहे की आडवी रेघ, ते बोट ठेवून बघा. "माझी.बँक.इन" वेगळं आणि "माझी-बँक.इन" वेगळं. दुसरं कुणीही विकत घेऊ शकतं. सरकारी कामाला शेवट "गव्ह डॉट इन" किंवा "एनआयसी डॉट इन" हवा. पीएम किसानचे २,००० रुपये जमा झालेत का हे बघायच्या नादात याच ठिकाणी जास्तीत जास्त लोक घसरतात.

पत्त्यात कुठे "ॲट"चं चिन्ह दिसलं तर तिथेच थांबा. पहिल्या तिरक्या रेघेच्या आत ते असेल, तर त्याच्या डावीकडचं सगळं बिनकामाचं असतं, ब्राउझर जातो उजवीकडच्या पत्त्यावर. डिसेंबर २००३ मध्ये इंटरनेट एक्सप्लोररमध्ये याच चिन्हाशी जोडलेला मोठा दोष सापडला होता. चिन्हाच्या आधी एक न दिसणारं अक्षर घातलं की उजवीकडचा खरा पत्ता पट्टीवर दिसतच नसे. फेब्रुवारी २००४ मध्ये दुरुस्ती आली.

आता कुलुपाचं. नाना, म्हणजे माझे काका, मला म्हणाले होते, "अरे भाऊ, कुलूप तं दिसी ऱ्हायनं ना!" दिसत होतंच. कुलूप एवढंच सांगतं की तुमच्या मशीनपासून त्या साइटपर्यंतचा रस्ता बंदिस्त आहे. त्या रस्त्याच्या शेवटी कोण बसलंय ते कुलूप सांगत नाही. चोरालाही ते फुकट मिळतं. या गैरसमजामुळेच सप्टेंबर २०२३ मध्ये क्रोमनं कॉम्प्युटरवरच्या पट्टीतून कुलुपाचं चित्र काढलं आणि तिथे सेटिंगची खूण आणली. त्यामुळे कुलूप गेलं म्हणून घाबरू नका आणि आहे म्हणून निर्धास्त राहू नका.

दिसायला सारखी अक्षरं हा आणखी एक सापळा. रशियन लिपीतला "अ" आणि इंग्रजी "ए" डोळ्याला एकच दिसतात. एप्रिल २०१७ मध्ये शुडोंग झेंग या संशोधकानं ॲपलचं अख्खं नाव रशियन लिपीच्या अक्षरांत नोंदवून दाखवलं आणि क्रोम व फायरफॉक्स दोघांच्या पट्टीवर ते हुबेहूब खरं दिसत होतं. क्रोमनं ५८व्या आवृत्तीत ते बंद केलं. फायरफॉक्समध्ये आजही एक सेटिंग हातानं चालू करता येते: पत्त्याच्या जागी इंग्रजीत "अबाउट:कॉन्फिग" टाका, "नेटवर्क.आयडीएन_शो_प्युनिकोड" शोधा आणि ते "ट्रू" करा. मग असे पत्ते "एक्सएन" आणि दोन आडव्या रेघांनी सुरू होणाऱ्या विचित्र अक्षरांत दिसतात. पण एक सांभाळा. आपल्या देवनागरीतले पत्ते, "डॉट भारत"वाले, तेही या सेटिंगनंतर तसेच दिसतील. इंग्रजी नावाच्या बँकेचा पत्ता "एक्सएन"नं सुरू झाला तर पळा. मराठी नावाच्या साइटचा झाला तर ते साहजिक आहे.

मोबाइलवर

फोनवर पट्टी लहान, आणि पान वर सरकवलं की क्रोम ती लपवतो. रिकाम्या झालेल्या जागेत पान स्वतःची नकली पट्टी काढू शकतं, हे २०१९ मध्ये जिम फिशर या प्रोग्रामरनं दाखवलं. शंका आली तर फोन लॉक करा आणि परत उघडा, खरी पट्टी वर येते. मग पट्टीवर बोट ठेवून पूर्ण पत्ता बघा. फेसबुक किंवा इन्स्टाग्रामच्या आतच लिंक उघडली असेल तर तीन टिंबांतून ती क्रोममध्ये उघडा. ॲपच्या आतल्या त्या चिंचोळ्या खिडकीत पासवर्ड टाकू नका.

खिडकी ओढून बघा, पासवर्ड भरला जातो का बघा

लॉगिनची छोटी खिडकी कडेला धरून ब्राउझरच्या बाहेर ओढा. खरी खिडकी डेस्कटॉपवर कुठेही जाते. नकली खिडकी चित्र असतं, ती पानाच्या कडेला अडकते. २०२२ पासून हा प्रकार माहितीत आहे आणि तपासायला दोन सेकंद लागतात.

पूर्ण पडदा अडवलेला असेल तर आधी एस्केप दाबून धरा, मग एफ११. नाहीच सुटलं तर कंट्रोल, ऑल्ट, डिलीट एकदम. ही तीन बटणं कुठलंही पान अडवू शकत नाही, ती थेट विंडोजकडे जातात. तिथून टास्क मॅनेजर उघडून ब्राउझर बंद करा. परत उघडताना "मागची पानं परत आणू का?" विचारलं तर नाही म्हणा. त्या नंबरवर फोन करू नका.

आणि माझी सगळ्यात आवडती तपासणी. पासवर्ड ब्राउझरमध्ये किंवा पासवर्ड मॅनेजरमध्ये (पासवर्ड जपून ठेवणाऱ्या ॲपमध्ये) साठवलेला असेल तर खऱ्या साइटवर तो आपोआप भरला जातो. रोज भरला जाणारा पासवर्ड आज भरला गेला नाही, तर हातानं टाइप करू नका. माणूस लोगो बघून फसतो. पासवर्ड मॅनेजर लोगो बघतच नाही, तो फक्त पत्त्याचं अक्षर न् अक्षर जुळवतो. बँकेच्या बाबतीत मी गिऱ्हाइकांना एक बुकमार्क करून देतो आणि सांगतो, या तारकेवरूनच जा, सर्चमधून जाऊ नका.

ब्राउझर अपडेट करा (खर्च: डेटा)

वर सांगितलेल्या दुसऱ्या प्रकारावर, जिथे खुद्द पट्टीच खोटं बोलते, तुमच्या-माझ्या हातात एकच इलाज आहे आणि तो म्हणजे अपडेट. तिथे कितीही बारकाईनं बघा, डोळ्याला फरक दिसणार नाही. ऑक्टोबर २०२० मध्ये रफाय बलोच या संशोधकानं मोबाइलवरच्या अनेक ब्राउझरमधले असे दोष एकदम उघड केले. त्यांत सफारी होतं, ऑपेरा होतं, यूसी ब्राउझरही होतं. सफारीला दुरुस्ती मिळाली. यूसीवर आपल्याकडे जून २०२० मध्येच बंदी आली होती, पण आधीपासून फोनमध्ये असलेलं ते अजून कुठे कुठे सापडतं. दिसलं की काढा.

क्रोममध्ये तीन टिंबं, मदत, "गुगल क्रोमबद्दल". पान उघडताच तो स्वतः शोधायला लागतो. पुढची गोष्ट लोक विसरतात: अपडेट उतरल्यावर "रीलाँच" दाबलं नाही तर जुनाच ब्राउझर चालू राहतो. लॅपटॉपचं झाकण मिटून ठेवायची सवय असली की ब्राउझर महिनाभर बंदच होत नाही. माझ्याकडे अपडेट झालेली म्हणून येणारी कितीतरी मशिनं नुसती रीलाँचची वाट बघत असतात. फोनवर प्ले स्टोअरमधून क्रोमसोबत "अँड्रॉइड सिस्टिम वेबव्ह्यू"ही अपडेट करा. ॲपच्या आत उघडणारी पानं त्याच्यावर चालतात.

जुन्या विंडोजचं स्पष्ट सांगतो. विंडोज ७ आणि ८.१ वर क्रोम १०९व्या आवृत्तीवर थांबलं, फेब्रुवारी २०२३ पासून पुढचं मिळत नाही. फायरफॉक्सची ११५ ही शेवटची. इंटरनेट एक्सप्लोरर १५ जून २०२२ ला निवृत्त झालं. विंडोज १० चा नेहमीचा आधारही १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. शाळांत, दुकानांत, सोसायट्यांत विंडोज ७ ची मशिनं अजून चालतात. बिलं छापायला, हिशोबाला चालवा. बँकेला नको. मशीन धडधाकट असेल आणि नवीन घ्यायची ऐपत नसेल तर विंडोजच्या जागी चालणारं लिनक्स मिंट टाकून घ्या, ते फुकट आहे आणि त्यावर चालू आवृत्तीचा फायरफॉक्स मिळतो.

घड्याळ बघा (खर्च: एका सेलचा)

ही तपासणी क्षुल्लक वाटते. माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची हीच.

नानांचा डेस्कटॉप पारोळ्याच्या बाजूला शेतातल्या घरी. दुपारी लाइट गेली की मशीन बंद, परत चालू केलं की तारीख १ जानेवारी, वर्ष जुनं. मदरबोर्डवर रुपयाच्या नाण्याएवढा एक सेल असतो, सीआर२०३२. मशीन बंद असताना घड्याळ तोच चालवतो. नानांचा सेल वर्षभर मेलेला होता. आता साइटकडे तिचं नाव खरं असल्याचं एक डिजिटल प्रमाणपत्र असतं, त्यावर अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत अशी मुदत असते. कॉम्प्युटरला वाटतंय आपण जुन्या वर्षात आहोत, तर त्याच्या लेखी ते प्रमाणपत्र अजून सुरूच झालेलं नाही. म्हणून तो लाल इशारा देतो. रोज देतो, प्रत्येक साइटला देतो.

नानांनी काय केलं? शेजारच्या पोरानं दाखवलं तसं "प्रगत" दाबायचं, मग "तरीही पुढे जा" दाबायचं. महिनोन् महिने हाताला तीच सवय लागली. मग एक दिवस खरा धोका आला. इशारा तोच, लाल तोच. हात आपोआप त्याच दोन बटणांवर गेला.

कपाशीचे ४८,००० रुपये गेले. मला कळलं तिसऱ्या दिवशी.

म्हणून सांगतो, खोट्या इशाऱ्यांचं मूळ आधी काढा. तारीख, वेळ आणि टाइम झोन बघा, "आपोआप वेळ लावा" चालू करा. लाइट गेल्यावर परत बिघडत असेल तर सेल बदला, तो ३०-४० रुपयांना मिळतो. मशीनचा प्लग काढून, बाजूचा पत्रा उघडून, खिट्टी दाबली की जुना सेल उडी मारून वर येतो. नवीन बसवताना अधिकची खूण वर. घड्याळ बरोबर झाल्यावरही एखाद्या साइटवर इशारा आला तर तो खरा समजा आणि तिथून मागे फिरा. बऱ्याच मोठ्या बँकांच्या साइटवर ब्राउझर आता "पुढे जा" हे बटणच दाखवत नाही. नानांच्या बँकेच्या साइटवर तेव्हा ती सोय नव्हती.

एक्स्टेन्शन, नोटिफिकेशन, शॉर्टकट

नको ती पानं आपोआप उघडत असतील तर इथे बघा. सेटिंगमध्ये नोटिफिकेशनची परवानगी कुणाकुणाला दिलीय ते बघा आणि अनोळखी सगळ्यांची काढा. एक्स्टेन्शनच्या, म्हणजे ब्राउझरला जोडलेल्या छोट्या प्रोग्रामांच्या, यादीत स्वतः टाकलेलं आठवत नाही ते काढा. डेस्कटॉपवरच्या क्रोमच्या शॉर्टकटवर उजवं क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये "टार्गेट" बघा: "क्रोम.ईएक्सई" आणि अवतरणचिन्ह संपल्यावर पुढे कुठल्या साइटचा पत्ता चिकटवलेला असेल तर तेवढा पुसा.

काढलेलं एक्स्टेन्शन दोन दिवसांनी परत येतं? कारण बहुतेक वेळा सिंक, म्हणजे एका खात्यावरची सगळी मशिनं एकसारखी ठेवणारी सोय. तेच गुगल खातं घरातल्या दुसऱ्या लॅपटॉपवर चालू असतं, तिथे ते एक्स्टेन्शन जिवंत असतं आणि तिथून इकडे परत उतरतं. सगळी मशिनं एका बैठकीत साफ करा. दुसरं कारण जास्त गंभीर. मेनूच्या तळाशी "तुमच्या संस्थेद्वारे व्यवस्थापित" असं दिसतंय आणि मशीन घरचं आहे, तर कुणीतरी धोरणाची नोंद, म्हणजे ब्राउझरवर सक्तीनं लादलेली सेटिंग, घुसवलीय. अँटिव्हायरस वाल्यांच्या नोंदीमुळेही तसं दिसतं, त्यामुळे घाबरू नका, पण रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या आतल्या सेटिंगच्या नोंदवहीत, हात घालणं घरी करू नका. माहीतगाराकडे द्या.

होस्ट्स फाइल आणि प्रॉक्सी

इथून पुढे तिसरा प्रकार. कॉम्प्युटरमध्ये "होस्ट्स" नावाची एक छोटी फाइल असते. सी ड्राइव्ह, विंडोज, सिस्टम३२, ड्रायव्हर्स, ईटीसी असं आत जायचं. साइटचं नाव कुठे न्यायचं हे मशीन आधी या फाइलला विचारतं. नोटपॅड "ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून" उघडून ती बघा. हॅशच्या खुणेनं सुरू होणाऱ्या ओळी नुसत्या टिपा असतात. त्यांच्याखाली घरच्या मशीनवर साधारणपणे काही नसतं. तिथे आकडा आणि पुढे बँकेचं नाव दिसलं तर ती ओळ विषारी आहे. १२७.०.०.१ या आकड्याच्या ओळी पुष्कळदा चोरीच्या सॉफ्टवेअरनं घातलेल्या असतात. त्या कुठे नेत नाहीत, पण चोरीचं सॉफ्टवेअर मशीनवर आलंय आणि त्याच्यासोबत आणखी काय आलं असेल, हे त्या सांगतात. ओळ पुसण्याआधी फोटो काढा.

सेटिंगमध्ये प्रॉक्सीही बघा, म्हणजे तुमचं इंटरनेट मधल्या दुसऱ्या कॉम्प्युटरमधून फिरवणारी सोय. घरी ती बंद असायला हवी.

राउटर

नानांच्या मशीनचा खरा चोर इथे होता. पहिल्यांदा मी एक्स्टेन्शन काढलं. दुसऱ्यांदा आणि तिसऱ्यांदा फॉरमॅट मारला. चौथ्यांदा त्यांच्या ओट्यावर बसून माझ्या स्वतःच्या फोनवर तीच साइट उघडली, त्यांच्या वायफायवर, आणि माझ्या फोनवर तोच लाल इशारा आला. वायफाय बंद करून मोबाइल डेटा लावला, इशारा गेला. मशीन निर्दोष होतं. मी ते दोनदा उगाच पुसलं होतं आणि त्यात वहिनीचे लग्नाचे फोटोही गेले. हे मला आजही लागून राहिलंय, म्हणून ही चाचणी विसरू नका म्हणतो: लक्षण दिसलं की त्याच मिनिटाला मोबाइल डेटावर तीच साइट उघडून बघा.

साइटचं नाव आकड्यांत बदलून देण्याचं काम डीएनएस करतं आणि ते कुठून विचारायचं हे राउटर सांगतो. राउटरचा पासवर्ड कारखान्यातून आला तोच, "ॲडमिन", ठेवला की कुणीही आत जाऊन डीएनएसचा आकडा बदलू शकतं. मग नाव खरं टाइप केलं तरी तुम्ही चोराच्या घरी पोचता. फक्त एक गोष्ट चोराला जमत नाही: खऱ्या नावाचं प्रमाणपत्र. म्हणून तो लाल इशारा येतो. नानांना वाचवणारी शेवटची भिंत तीच होती आणि मेलेल्या सेलनं ती आधीच पाडून ठेवली होती.

ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ टाका, राउटरच्या पाठीवरच्या स्टिकरवर नेमका आकडा असतो. डीएनएसच्या जागी बघा. तुमच्या इंटरनेटवाल्यानं दिलेले आकडे, किंवा गुगलचा ८.८.८.८, किंवा क्लाउडफ्लेअरचा १.१.१.१ असेल तर ठीक. अनोळखी आकडा दिसला तर इंटरनेटवाल्याला फोन करून विचारा, त्याचा नसेल तर बदला. मग ॲडमिनचा पासवर्ड बदला, बाहेरून राउटर उघडायची सोय बंद करा, राउटरचं सॉफ्टवेअर अपडेट करा. शेवटी विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्ट उघडून "आयपीकॉन्फिग /फ्लशडीएनएस" इंग्रजीत टाका, नाहीतर जुनी खोटी नोंद थोडा वेळ टिकते.

मागच्या भोकात पिन खुपसून रीसेट करायचा मोह होईल. फायबरचं कनेक्शन असेल तर करू नका. त्यातलं युजरनेम आणि इतर सेटिंग पुसली जाते आणि लाइनमन येईपर्यंत नेट बंद.

इथे थांबा

पासवर्ड, ओटीपी किंवा कार्डाचा पिन खोट्या पानावर दिला गेला असेल, तर दुरुस्ती करत बसू नका. दुसऱ्या फोनवरून, मोबाइल डेटावर, आधी बँकेला फोन करून खातं आणि कार्ड बंद करा, मग सायबर फसवणुकीच्या १९३० या सरकारी हेल्पलाइनला फोन करा. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात झपाट्यानं सरकतात. मधेच अडवले तर परत मिळायची आशा राहते. नानांनी लाजेपोटी दोन दिवस घालवले.

लिंकवरून "डॉट एपीके" फाइल (फोनमध्ये ॲप टाकायची फाइल) उतरली आणि ती टाकली गेली असेल तर हा ब्राउझरचा बिघाड उरलाच नाही. फोन लगेच फ्लाइट मोडवर टाका, सिम काढा आणि माहीतगाराकडे न्या. ते ॲप तुमचे मेसेज वाचत असतं, नुसतं काढून टाकल्यानं विश्वास ठेवता येत नाही.

कुणाच्या सांगण्यावरून स्क्रीन दाखवणारं ॲप टाकलं असेल, घड्याळ आणि राउटर दोन्ही बरोबर असून इशारे येत असतील, होस्ट्स फाइलमधली ओळ पुसल्यावर परत उगवत असेल, किंवा विंडोजच्या प्रमाणपत्रांच्या यादीत अनोळखी नाव दिसत असेल, तर मशीनच्या मुळाशी कुणीतरी बसलंय. वायफाय बंद करा, मशीन जाणत्या माणसाकडे द्या. दुकानाचं, सोसायटीचं किंवा शाळेचं मशीन असेल तर स्वतः काहीच पुसू नका.

दुरुस्तीला देण्याआधी एवढं करून घ्या: खोट्या पानाचा पूर्ण पत्ता दिसेल असा फोटो दुसऱ्या फोननं काढा. बँकेच्या मेसेजमधला व्यवहार क्रमांक, रक्कम आणि वेळ वहीत लिहा. ज्या नंबरवरून लिंक आली तो मेसेज ठेवा, चिडून पुसू नका. १९३० वर आणि सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या साइटवर हेच मागतात, आणि फॉरमॅट मारल्यावर यातलं काही कुणालाच परत काढता येत नाही.